स्टेनगनच्या मॅगझिनचे तोंड

संग्रहालयात नव्याने आलेली एक स्टेनगन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सबमशीनगन, त्या दिवशी तपासणीला टेबलावर होती. सोबतच्या चिठ्ठीवर 'मार्क ३', म्हणजे तिसरी आवृत्ती, असे लिहिलेले. हातात घेताच चूक कळली. मॅगझिन (काडतुसांची पेटी) बसायची खाप, म्हणजे धातूची चौकट, बंदुकीच्या नळीसारख्या धडाभोवती पाव वळसा फिरत होती. मार्क ३ मध्ये ती कायमची वेल्ड केलेली असते. फिरणारी खाप वळवली की रिकामी पुंगळी बाहेर पडायची खिडकी झाकली जाते आणि धूळ आत जात नाही. ही सोय मार्क २ ची.

बंदूक मोकळी असल्याची खात्री आधी केली. क्रम ठरलेला: मॅगझिन काढायचे, मग हँडल मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी पाहायचा आणि बोटानेही चाचपायचा. स्टेन ओपन बोल्टवर चालते: काडतूस आत ढकलणारा बोल्ट चाप ओढेपर्यंत मागेच अडकलेला असतो. काडतुसावर आघात करणारी फायरिंग पिन वेगळी नाही, बोल्टच्या तोंडावरच एक न हलणारे टोक आहे. मॅगझिन आत असताना बोल्ट सिअरला (त्याला मागे अडवणाऱ्या खिट्टीला) अडकायच्या आधी हँडल निसटले, तर बोल्ट काडतूस ढकलत पुढे जातो आणि गोळी सुटते. भरलेली स्टेन दस्त्यावर आपटली तरी याच कारणाने अपघात होत.

एवढा साधेपणा गरजेपोटी आला होता. १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून परतताना ब्रिटिश सैन्याने ढीगभर शस्त्रे मागे सोडली. १९४१ मध्ये शेपर्ड आणि टर्पिन यांनी एनफिल्डच्या शस्त्र कारखान्यात ही ९ मिमी बंदूक आखली. 'एस', 'टी' आणि एनफिल्डचे 'ईएन' मिळून नाव झाले स्टेन. युद्धकाळात सुमारे ४० लाख बनल्या.

खरा वेळ गेला मॅगझिनवर. त्यात ३२ काडतुसे दोन रांगांत बसतात, पण तोंडाशी दोन्ही रांगा आवळून एक होतात. ही रचना जर्मन मॅगझिनवरून घेतलेली. जिथे रांगा एकमेकींत घुसतात तिथेच घर्षण सर्वाधिक. थोडी माती गेली की स्प्रिंग कमी पडते. म्हणून बरेच सैनिक दोन-चार काडतुसे कमीच भरत.

भिंगाखाली या मॅगझिनच्या तोंडाची एक कड बाहेर फाकलेली दिसली, अगदी केसभर. डमी (दारू नसलेले) काडतूस ठेवले, तर त्याचे टोक चेंबरकडे न वळता वर उचलले गेले. गोळीबारात असे काडतूस चेंबरच्या काठावर आदळून अडकते. मॅगझिनची खापही सैल होती. डावीकडे आडवे निघालेले मॅगझिन मूठ समजून धरायची सवय अनेकांना असे. तो सगळा भार खापेवर येतो, ती ढिली होते आणि काडतुसाचा कोन बिघडतो. डावा हात बॅरलच्या जाळीवर ठेवायचा असतो.

कड सरळ करावी अशी सूचना आली, ती मी मानली नाही. ती वापराची खूण आहे आणि वाकवताना जुना पत्रा तडकू शकतो. गंज उतरवून हलके तेल लावले, नोंदवहीत 'मार्क २' लिहिले. मग तुलनेसाठी शेजारी स्टेननंतर आलेल्या स्टर्लिंग सबमशीनगनचे वाकडे ३४ काडतुसांचे मॅगझिन ठेवले. त्यात काडतुसे ढकलायला रोलर आहेत, आणि दोन्ही रांगा तोंडापर्यंत वेगळ्याच राहतात.