दिसला का हो?

मे महिन्यात दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयन प्राणी उद्यानाचा चढ चढताना दर दहा पावलांवर मराठी कानावर पडते, आणि त्यात सर्वाधिक ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, ‘दिसला का हो?’ सुमारे सात हजार फुटांवर, 1958 साली सुरू झालेले हे उद्यान मुख्यतः हिमालयातल्या प्राण्यांसाठी राखलेले असल्यामुळे हत्ती-जिराफांच्या आशेने आलेल्या बाळगोपाळांचा इथे थोडा हिरमोडच होतो. हिमबिबट्या, हिमालयीन लांडगा, काळे अस्वल, मोनाल हा रंगीबेरंगी पक्षी ही इथली मंडळी, आणि तीही आपल्या सवडीनेच दर्शन देणारी.

त्यातल्या त्यात लाल पांडा कनवाळू. फांदीवर बसून बांबूचा शेंडा पुढच्या पंजात धरताना तो मनगटाच्या वाढलेल्या हाडाचा अंगठ्यासारखा उपयोग करतो आणि पाने तोंडाच्या कडेने सावकाश कातरतो. पोटाची घडण मांसाहाऱ्याची आणि आहार बांबूचा, त्यामुळे खाल्लेल्यातले फारसे अंगी लागत नाही. साहजिकच उरलेला वेळ तो झुपकेदार, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीत तोंड खुपसून झोपण्यात घालवतो. त्याच्या कुळात आज तो एकटाच उरला आहे, हे मात्र मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या गर्दीच्या गावीही नसते.

खरे काम चालते ते पर्यटकांच्या नजरेआड. हिमबिबट्यांच्या प्रजननाचा कार्यक्रम इथे 1983 पासून चालू आहे, आणि इथेच वाढलेल्या दोन लाल पांडा माद्या 2003 साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालीलाच्या जंगलात सोडण्यात आल्या. जवळच्या नात्यात संकर होऊ नये म्हणून प्राण्यांच्या जोड्या वंशावळीच्या नोंदवहीवरून ठरवल्या जातात. गोत्र पाहून सोयरीक जुळवणाऱ्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हा काटेकोरपणा नक्कीच पसंत पडेल. जंगलात परत जायचे असलेल्या प्राण्याला माणसाची सवय जितकी कमी तितके बरे, त्यामुळे ‘दिसला का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर मिळाले तर मला तरी तिकिटाचे पैसे फुकट गेल्यासारखे वाटत नाही.

हे पटले नाही तरी एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात असू द्यावी: उद्यान दर गुरुवारी बंद असते, तेव्हा सहलीचा कार्यक्रम आखताना तो वार टाळावा.