पाद्री आणि बिग बँग

काल रात्री गच्चीवर पडल्या पडल्या जॉर्ज लमेत्र आठवला. बऱ्याच लोकांना माहीतच नसतं की बिग बँगची, म्हणजे विश्वाला एक सुरुवात होती ही कल्पना ज्याने पहिल्यांदा मांडली तो बेल्जियमचा एक कॅथलिक पाद्री होता, पहिल्या महायुद्धात लढलेला, 1923 मध्ये दीक्षा घेतलेला आणि गणितात एकदम पक्का. 1927 मध्ये त्याने लिहिलं की विश्व प्रसरण पावतंय, आइनस्टाइनला तेव्हा ते अजिबात पटलं नाही, आणि मग 1931 मध्ये लमेत्र म्हणाला की काळात मागे मागे गेलं तर सगळं एका आदिम अणूत येऊन थांबतं.

पण मला खरं भारी वाटतं ते पुढचं. 1951 मध्ये पोप पायस बारावे जाहीरपणे बोलले की विज्ञान आता सृष्टीच्या निर्मितीची साक्ष देतंय, म्हणजे चर्चला आयता पुरावाच मिळाला ना, आणि लमेत्रला नेमकं तेच आवडलं नाही! त्याचं म्हणणं होतं की ही थिअरी देवाच्या प्रश्नापासून पूर्ण वेगळी आहे, आस्तिक नास्तिक दोघांनाही मोकळी. थिअरी उद्या चुकली तर श्रद्धा पण चुकली म्हणायचं का? आपल्याकडे प्रत्येक शोध पोथीत सापडतो म्हणणाऱ्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

1966 मध्ये तो गेला, त्याआधी हॉस्पिटलमध्ये असताना त्याला कळलं की त्या आरंभाची उरलेली ऊब, कॉस्मिक बॅकग्राउंड रेडिएशन, सापडलीये. हे आठवलं की दरवेळी गलबलून येतं.