लॅपटॉपला बाहेरचा कीबोर्ड जोडताना

लॅपटॉपला बाहेरून कीबोर्ड लावायला ड्रायव्हर, सीडी, डाउनलोड असं काहीच लागत नाही. यूएसबीची पिन बसवली की पाच-दहा सेकंदांत विंडोज त्याला ओळखतं. तरीही ‘नवा कीबोर्ड चालत नाही’ म्हणून लोक तो परत करायला निघतात, आणि बहुतेक वेळा कीबोर्ड ठणठणीत असतो. अडचण असते ती लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये, एका पोर्टाचे चार पोर्ट करणाऱ्या हबमध्ये, नाहीतर आतल्या कीबोर्डच्या अडकलेल्या बटणात. म्हणून जोडायचं कसं ते थोडक्यात आणि अडतं कुठे ते जरा सविस्तर लिहितो.

आधी कीबोर्ड कोणता घ्यायचा ते ठरवा. सावदा-रावेरकडे केळीच्या गाड्यांचा हिशेब टाकणाऱ्याला दिवसभर आकडेच मारायचे असतात. चौदा इंची लॅपटॉपवर उजवीकडचा आकड्यांचा वेगळा गठ्ठा सहसा नसतो, त्यामुळे वरच्या ओळीतले आकडे शोधत बसावं लागतं. अशांनी १०४ बटणांचा पूर्ण कीबोर्डच घ्यावा, छोट्या सुबक कीबोर्डच्या नादी लागू नये. सेवा केंद्रावर अर्ज भरणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे, आणि तोही वायरचाच. सेल संपायची भीती नाही, डोंगल (वायरलेस कीबोर्डसाठी लॅपटॉपला लावायचा छोटा यूएसबी तुकडा) हरवायची भीती नाही, विंडोज सुरू व्हायच्या आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जायचं असलं तरी तो चालतो. ब्लूटूथचा कीबोर्ड तिथे सहसा चालत नाही. त्याची जोडणी विंडोज उठल्यावरच जागी होते.

वायरचा कीबोर्ड लावताना पिन थेट लॅपटॉपच्या अंगावरच्या पोर्टात घाला, पहिल्यांदा तरी हबमध्ये नको. पोर्ट काळा आहे की निळा, याने टायपिंगला काडीचाही फरक पडत नाही. साधा कीबोर्ड सेकंदाला १.५ मेगाबिटच्या वेगाने बोलतो, आणि काळा यूएसबी २.० पोर्टसुद्धा ४८० मेगाबिटपर्यंत जातो. निळा पोर्ट हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्हसाठी मोकळा ठेवा. नव्या पातळ लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर टाइप-सीचा ओटीजी कनेक्टर (टाइप-सीला साधी यूएसबी पिन जोडून देणारा) लागतो. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये गेलात तर घेण्याआधी तिथेच आपल्या लॅपटॉपला लावून बघा. सैल बसणारा कनेक्टर घरी आणल्यावर रोज छळतो.

आता एक छोटी तपासणी, पण फार कामाची. कॅप्स लॉक दाबा आणि कीबोर्डवरचा दिवा बघा. वायरच्या कीबोर्डवरचा हा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. बटण दाबल्याचा निरोप लॅपटॉपकडे जातो, तिथून ‘दिवा लाव’ असा हुकूम परत येतो, तेव्हा तो लागतो. म्हणजे दिवा लागतोय-विझतोय, तर वायर, पोर्ट, वीज सगळं ठीक आहे आणि दोष विंडोजच्या सेटिंगमध्ये शोधायचा. दिवा हलतच नसेल तर पोर्ट बदला, मग दुसऱ्या लॅपटॉपवर लावून बघा.

वायरलेस घेतलाच असेल, तर डोंगल कुठे लावता हे बघा. निळे यूएसबी ३.० पोर्ट काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करतात, आणि डोंगलही त्याच पट्ट्यात बोलतो. शेजारच्या निळ्या पोर्टात हार्ड डिस्क लावून डेटा कॉपी करायला घेतला, की अक्षरं गळायला लागतात. डोंगल दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टात न्या, किंवा हातभर एक्स्टेंशन वायर लावून कीबोर्डजवळ आणून ठेवा. लोखंडी टेबलाच्या मागे, कपाटाआड डोंगल दडला असेल तरी हीच तऱ्हा होते. सेल उतरल्यावरही अक्षरं गळतात किंवा एकच अक्षर चार वेळा उमटतं, म्हणून आधी सेल बदला, आणि दोन लागत असतील तर एक जुना एक नवा असं करू नका. साध्या डोंगलची जोडी त्याच्याच कीबोर्डशी असते. तो हरवला की दुसऱ्या कुठल्या डोंगलवर तो कीबोर्ड सहसा चालत नाही. कुठे नेताना डोंगल सेलच्या खोबणीतल्या कप्प्यात परत ठेवा.

ब्लूटूथसाठी कीबोर्डवरचं ब्लूटूथचं बटण दिवा भरभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, ॲड डिव्हाइस, मग ब्लूटूथ असं जा. नाव दिसलं की त्यावर क्लिक करा. स्क्रीनवर आकडे आले तर ते बाहेरच्या कीबोर्डवरूनच टाइप करायचे आणि एंटर दाबायचं. पुष्कळ जण इथेच लॅपटॉपच्या बटणांवर आकडे मारतात आणि जोडणी फसते.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. बाहेरचा कीबोर्ड लावला म्हणून आतला बंद होत नाही. दोन्ही एकाच वेळी जिवंत असतात. चहा सांडून आतलं कंट्रोल बटण अडकून बसलं असेल, तर बाहेरच्या कीबोर्डवर एस दाबला की अक्षर उमटण्याऐवजी फाइल सेव्ह होते, पी दाबला की प्रिंट निघायला बघते. नव्या कीबोर्डला शिव्या देऊन उपयोग नाही. विंडोज बटण, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा, किंवा शोधपट्टीतून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा. कोणत्याही बटणाला हात न लावता स्क्रीनवर एखादं बटण रंगलेलं दिसलं, तर तेच अडकलेलं आहे. डिव्हाइस मॅनेजरमधून (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) आतला कीबोर्ड बंद करायचा पर्याय बऱ्याच लॅपटॉपवर मिळत नाही, आणि अनइन्स्टॉल केला तर रीस्टार्टनंतर तो परत हजर होतो. पक्का उपाय एकच: कारागिराकडून लॅपटॉप उघडून आतल्या कीबोर्डची चपटी रिबन पट्टी मदरबोर्डवरून सोडवून घ्यायची. पण काही लॅपटॉपमध्ये पॉवरचं बटण त्याच पट्टीवर असतं, ते आधी विचारून घ्या. नाहीतर कीबोर्ड सुटेल आणि लॅपटॉप सुरूच होणार नाही.

आतल्या कीबोर्डवर बाहेरचा ठेवून टाइप करू नका. खालची बटणं दाबली जातात हे एक, आणि गरम हवा कोंडते हे दुसरं. बहुतेक लॅपटॉप भोवतालच्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारायलाच नको. बाहेरच्या कीबोर्डचा खरा फायदा इथे आहे: लॅपटॉप स्टँडवर उचलून ठेवता येतो, पोटाखालून हवा खेळते, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला येतो आणि हात खाली टेबलावर राहतात.

मराठीसाठी वेगळा कीबोर्ड घ्यावा लागत नाही. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे जाऊन मराठी भाषा जोडा. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण मांडणी आधीपासून आहे, आणि विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहायची) मिळते. भाषा बदलायला विंडोज बटण आणि स्पेस. डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं तरी भाषा बदलते, म्हणून ‘मधेच इंग्रजी यायला लागलं’ असं झालं तर बोट तिथे पडलं असं समजा. मांडणी बरोबर लागली का हे पाहायला इनस्क्रिप्टमध्ये ‘तऱ्हा’ लिहा: एल, मग शिफ्ट आणि जे, मग डी, यू, ई. हे नीट उमटलं तर पुढे अडचण नाही. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन ही टाइपरायटरची मांडणी शिकलेल्यांना मात्र विंडोजमध्ये मराठीची ती मांडणी सापडणार नाही, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. बटणांवर चिकटवायचे मराठी स्टिकर मिळतात, पण उन्हाळ्यात त्यांच्या कडा सुटतात आणि बोटाला अडकतात. चार दिवस तक्ता समोर लावून पाठ करा, ते जास्त टिकतं.

काही तक्रारी वरचेवर येतात. शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲट ऐवजी अवतरणचिन्ह येतं: इंग्लिश युनायटेड किंगडम मांडणी लागलेली आहे, ती काढून इंग्लिश इंडिया ठेवा. इंग्लिश इंडिया मांडणीत उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ मिळतो, बिल बनवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कीबोर्ड मेल्यासारखा झाला, बटण बराच वेळ दाबून धरलं तरच अक्षर येतं: उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबलं गेल्याने फिल्टर कीज सुरू झाल्या आहेत. टेबलावर वही कोपऱ्यात टेकली तरी हे होतं. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत कीबोर्ड उघडून त्या बंद करा. गेमिंगच्या कीबोर्डवर बाणांची बटणं अक्षरं उमटवतात: बऱ्याच मॉडेलमध्ये एफएन आणि डब्ल्यू एकत्र दाबल्याने ही अदलाबदल होते, तेच पुन्हा दाबलं की सरळ होतं. उजवीकडचे आकडे उमटत नाहीत आणि कर्सर इकडेतिकडे पळतो: नम लॉक लावा. उलट जुन्या लॅपटॉपवर नम लॉक लावल्यावर आतल्या कीबोर्डचे यू, आय, ओ हे ४, ५, ६ होतात. तिथे एफएनसोबत नम लॉक दाबायचं.

थोडा वेळ थांबून परत टाइप करायला घेतलं की पहिली दोन-तीन अक्षरं गायब, हा वीज वाचवण्याचा प्रकार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा.

सेवा केंद्रांवर हबचा घोळ फार दिसतो. यूएसबी २.० च्या एका पोर्टातून ५०० मिलिॲम्पियर वीज मिळते, आणि ॲडॅप्टर नसलेला हब तेवढीच सगळ्यांत वाटतो. त्यावर अंगठ्याचं यंत्र, वेबकॅम, हार्ड डिस्क आणि रंगीत दिव्यांचा कीबोर्ड टांगला, की ऐन अंगठा घेताना सगळंच तुटतं. अंगठ्याचं यंत्र आणि हार्ड डिस्क थेट लॅपटॉपला द्या. साधा कीबोर्ड आणि माऊस हबवर खुशाल राहू द्या, त्यांची भूक थोडी असते.

जुना, गोल सहा टाचण्यांच्या जांभळ्या पिनेचा कीबोर्ड घरात पडून असेल तर टाकू नका. जुना टीव्हीएस गोल्ड मेकॅनिकल आहे, त्याची टोपणं एकेक उपटून धुता येतात, आणि जिनिंगच्या भागातल्या कापसाच्या तुसाला तेच बरं. पण त्याला आत सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. नुसती पिन बदलणारा छोटा हिरवा-जांभळा अडॅप्टर फक्त गोल पिन आणि यूएसबी हे दोन्ही प्रकार जाणणाऱ्या कीबोर्डलाच चालतो.

आणि वायर तुटली म्हणून कीबोर्ड फेकू नका. ती बहुधा पिनेच्या मुळाशी किंवा कीबोर्डमध्ये शिरते तिथेच तुटते. हलवल्यावर दिवा चालू-बंद झाला तर तीच जागा. आत सहसा लाल, काळी, हिरवी, पांढरी अशा चार तारा असतात: लाल पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी-पांढरी डेटाची. जुन्या माऊसची चांगली वायर कापून रंगाला रंग जोडायचा, डाग द्यायचा, प्रत्येक तारेवर वेगळी स्लीव्ह चढवायची. स्वस्त वायरींत रंगांचा भरवसा नसतो, म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटरने पिनेपासून तारेपर्यंत प्रत्येक जोडणी वाजवून बघा. लाल-काळी उलटी लागली तर कीबोर्ड जातोच, कधी लॅपटॉपचा पोर्टही जातो.