लिंबाने मिळवलं, चहाने घालवलं

हिमोग्लोबिन कमी आलं की घरात आधी बीट येतं, मागोमाग डाळिंब. दोन्ही लाल, एवढाच त्यांचा रक्ताशी संबंध. १०० ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. आवडतं म्हणून जरूर खा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. गुळाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४-५ मिलिग्रॅम लोह असतं खरं, पण आपण खाणार दहा ग्रॅमचा खडा. पदरात पडतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे स्त्रीला आहारातून दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९.

गंमत म्हणजे शरीर रोज गमावतं ते साधारण एकच मिलिग्रॅम. पाळीमुळे त्यात भर पडते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडतात, पण त्यांतलं लोह पुन्हा वापरलं जातं. मग एवढं खायचं कशाला? कारण धान्य-कडधान्य-भाज्यांतलं बरंचसं लोह आतड्यातून तसंच पुढे जातं. लोहाची दोन रूपं, फेरिक आणि फेरस. हे लोह बहुतेक फेरिक रूपात असतं आणि फेरस झाल्याशिवाय आतड्याच्या पेशीत शिरत नाही. शंभरातले पाच-दहा भाग लागू पडले तरी पुष्कळ. मटण, कलेजीतलं हीम लोह, म्हणजे प्राण्यांच्या रक्त-मांसातलं लोह, त्या मानाने सहज शोषलं जातं.

हे फेरिकचं फेरस करायला क जीवनसत्त्व मदत करतं, पण ते त्याच घासाबरोबर पोटात जायला हवं. कांदेपोहे घ्या. पोह्यांत लोह बऱ्यापैकी असतं आणि वर लिंबाची फोड असते. जोडी झकास! मात्र लिंबू गॅस बंद केल्यावर, ताटलीतच पिळायचं. कढईत पिळून वाफ आणली तर क जीवनसत्त्व बरंचसं जातं. आणि पोह्यांसोबत कपभर चहा घेतलात तर सगळं मुसळ केरात. चहातलं टॅनिन, म्हणजे त्यातला तुरट पदार्थ, लोहाला धरून ठेवतं आणि शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. कॉफीचंही तेच. चहा सोडा असं कुणी म्हणत नाही. खाण्याच्या आधी-नंतर तासभर अंतर ठेवा.

दुसरी अडचण फायटेटची. धान्याच्या कोंड्यात, कडधान्यांत ते असतंच आणि लोहाला अडकवून ठेवतं. त्यावरचा उपाय आपल्याकडे पूर्वापार आहे, तो म्हणजे मोड आणणं. मटकी आठ-दहा तास भिजवा, पाणी ओतून द्या, ओलसर फडक्यात बांधून बारा ते सोळा तास ठेवा. मोड फुटताना दाण्यातलंच एन्झाइम फायटेट मोडायला लागतं. फडकं नीट पिळलेलं नसेल तर उन्हाळ्यात मटकी बुळबुळीत होऊन वास मारते. ती टाकूनच द्यायची. मोडांत क जीवनसत्त्वही येतं, पण उसळ शिजताना बरंचसं उडतं. म्हणून उसळीवरही लिंबू वाढतानाच.

पालकाची कीर्ती त्याच्या कामगिरीपेक्षा मोठी. लोखंडी कढई मात्र खरंच कामाची, त्यातही चिंच-टोमॅटोची आमटी असेल तर, कारण आंबटपणामुळे लोह पदार्थात उतरतं. आमटी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि तोंडाला लोखंडाची चव येते. नॉनस्टिकला हे जमत नाही.

रक्तक्षय झालाच असेल तर नुसत्या आहाराने तो भरून येणं कठीण, गोळ्या लागतात. गोळी दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, कॅल्शियमही लोह अडवतं. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. डांबरासारखी चिकट असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन वर आलं की लोक गोळ्या बंद करतात आणि काही महिन्यांत पुन्हा थकवा येतो, कारण फेरिटिनचा, म्हणजे शरीरात राखून ठेवलेल्या लोहाचा साठा भरलेलाच नसतो. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात, ते या साठ्यासाठी.