दोन निकाल, पण साक्ष किती?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी अणुघड्याळांच्या वारंवारितांची (सेकंदाला किती कंपनं, त्याची) तुलना हा विषय घेतला. त्यासाठी सांगलीत अणुघड्याळ असायची गरज नव्हती. लागत होते ते जगभरच्या प्रयोगशाळांनी छापलेले निकाल: स्ट्रॉन्शियम-सिझियम, यटर्बियम-स्ट्रॉन्शियम अशा घड्याळांच्या वारंवारितांची गुणोत्तरं. ती लीस्ट स्क्वेअर्सने, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी राहील अशी, एकत्र बसवायची. इंग्लंडच्या एनपीएल या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मार्गोलिस आणि गिल यांनी २०१५ मध्ये मांडलेली पद्धत मी वापरली.

प्रोग्राम लवकर झाला. खरा वेळ गेला तो सहसंबंध, म्हणजे कोणत्या निकालांत चूक सामाईक आहे ते, शोधण्यात.

मार्केट यार्डात दोघांनी एकाच काट्यावर हळदीचं पोतं जोखलं, तर काट्यातला दोष दोघांच्याही आकड्यात येतो. एकाच सिझियम फाउंटनशी (सिझियमचे अणू कारंज्यासारखे वर उडवून चालणाऱ्या अणुघड्याळाशी) केलेल्या दोन तुलनांचंही तसंच. सारख्या अनिश्चिततेचे दोन निकाल स्वतंत्र असतील तर सरासरीची अनिश्चितता ०.७१ पट होते. सहसंबंध गुणांक (० म्हणजे स्वतंत्र, १ म्हणजे पूर्ण सामाईक) ०.५ असेल तर ०.८७ पटच. हा सहसंबंध धरलाच नाही, तर निकाल आहे त्यापेक्षा अचूक दिसतो.

म्हणून प्रत्येक पेपरमधला अनिश्चिततेचा तक्ता ओळीओळीने वाचला. सामाईक काय? फाउंटनच्या दुरुस्त्या, कृष्णवस्तू प्रारणाच्या (भोवतालच्या उष्णतेच्या प्रारणाच्या) दुरुस्तीतला तोच गुणांक आणि जागेची उंची. उंचीचं मला फार अप्रूप वाटलं. एक मीटर वर गेलं की गुरुत्वाकर्षणाच्या परिणामाने घड्याळ दशांशचिन्हानंतर सोळाव्या घरात १ इतकं जलद चालतं. सातारा सांगलीपेक्षा साधारण दोनशे मीटर उंच आहे. म्हणजे तिथल्या घड्याळात चौदाव्या घरातच २ चा फरक पडेल! आणि आजची प्रकाशीय (प्रकाशाच्या वारंवारितेवर चालणारी) घड्याळं अठराव्या घरापर्यंत जातात. एकाच इमारतीतल्या दोन घड्याळांची तुलना दूरच्या घड्याळाशी केली, तर इमारतीच्या उंचीतली शंका दोन्ही निकालांत उतरते.

सहसंबंध गुणांक काढायला दोन निकालांतल्या सामाईक घटकांच्या अनिश्चिततांचे गुणाकार करून बेरीज घ्यायची आणि तिला दोन्ही एकूण अनिश्चिततांच्या गुणाकाराने भागायचं. चिन्ह मात्र जपावं लागतं. स्ट्रॉन्शियम एका गुणोत्तरात वर आणि दुसऱ्यात खाली असेल तर त्याच्यामुळे येणारा सहसंबंध ऋण असतो.

एकाच राशीच्या दोन निकालांच्या अनिश्चितता १ आणि २, सहसंबंध गुणांक ०.८ घेतला, तर दुसऱ्याचं सरासरीतलं वजन उणे येतं आणि सरासरी दोन्ही आकड्यांच्या बाहेर पडते. माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गणित बरोबर आहे. तो ०.८ कुठून आला ते आधी सांग." तेव्हापासून प्रत्येक गुणांकाशेजारी मी त्याचा आधार लिहीत गेले.

सर्वांत अडलं ते तारखांपाशी. मोजमापं त्याच दिवसांत झाली असतील, तर फाउंटनचा यादृच्छिक गोंधळही सामाईक होतो आणि तो तक्त्यावरून कळत नाही. माझ्या मते, निकाल छापणाऱ्यांनी मोजणी कोणत्या दिवशी, किती वेळ चालली हे सोबत दिलंच पाहिजे.