केळशीची तपकिरी मार्टिन: पट्टा मिळाला, नाव अजून नाही

अखेर पट्टा मिळाला! कोकणातल्या केळशीच्या पुळणीवर बार्न स्वॅलो या भिंगऱ्यांच्या थव्यात एक छोटी तपकिरी मार्टिन (भिंगरीच्याच कुळातली) शिरली होती, तिची जात ठरवायची आहे. तिच्या छातीवरचा आडवा पट्टा एका फ्रेममध्ये स्पष्ट आलाय. त्यामुळे ग्रे-थ्रोटेड मार्टिन ही जात बाद. तिचा गळा आणि छाती सलग मळकट करडी असते. डस्की क्रॅग मार्टिन आधीच बाद झाली होती. ती पोटापर्यंत काजळी रंगाची, आणि शेपूट पसरली की पांढरे ठिपके दिसतात. इथे पोट पांढरं, शेपटीला ठिपका नाही, खाच उथळ.

उरल्या सँड मार्टिन आणि पेल मार्टिन, आणि सगळं तिथेच अडलंय.

सँडचा पट्टा गडद, कडा रेखीव, मधोमध बऱ्याचदा पोटाकडे उतरलेलं टोक. कानावरची पिसं गडद आणि त्यांच्यामागे गळ्याचा पांढरा रंग वर वळलेला. पेलची पाठ फिकट राखाडी-तपकिरी, पट्टा मध्यावर विरलेला, कान आणि गळा एकमेकांत मिसळलेले. पुळणीवर मात्र हे पारखणं कठीण. वाळू खालून उजेड फेकते आणि गडद पट्टाही फिका पडतो. त्यात पहिल्या वर्षाच्या सँडच्या पाठीवरच्या पिसांना फिकट कडा असतात, आणि पिसं बदलण्याआधीची, उन्हाने विटलेली प्रौढ सँडही पेलसारखी दिसते. पाठीच्या रंगावर निकाल देऊच नये. कान-गळ्याची सीमा हीच त्यातल्या त्यात भरवशाची खूण.

आपल्या फ्रेममध्ये पट्टा रेखीव, पण कान फिके! मग शेजारच्या बार्न स्वॅलोचं पोट मोठं करून पाहिलं: सपाट पांढरं, पिसांचा तपशीलच नाही. म्हणजे फ्रेम जास्त उजळ आहे आणि कानांच्या फिकेपणाला अर्थ नाही. ही कसोटी फार कामाची आहे. थव्यातला ओळखीचा पक्षी त्याच फ्रेममध्ये हवाच.

शटर १/३२०० सेकंदाहून मंद नको, फाइल रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली). ट्रायपॉडवरची जड झूम लेन्स या कामाला निरुपयोगी. हातात पेलणारी ४०० मिमी बरी. दुर्बीण ८×४२, कारण १०× मधून वळणारी मार्टिन लगेच निसटते.

भरतीला भारजा नदीच्या मुखाशी उडते फोटो घ्यायचे ठरलं होतं. पण लिहितानाच सुचतंय, मासळी वाळत घालतात तिथे माश्या घोंघावतात आणि वारा वाढला की भिंगऱ्या दोऱ्यांवर टेकतात. पक्षी बसलेला, उजेड एका बाजूने. उडत्या फोटोंचा नाद सोडून आधी तिथेच थांबावं. वारा फारच असेल तर वाळूच्या टेकडीची आडोशाची बाजू, किडे तिथे साचतात.

तोवर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर सँड/पेल (दोघींपैकी एक) अशी जोडनोंदच राहील. जुन्या नोंदींशी ताडून उपयोग नाही. कारण पेल पूर्वी सँडचीच उपजात धरली जायची. किनाऱ्यावर बसलेल्या मार्टिनचे फोटो कुणाकडे असतील तर कॉन्ट्रास्ट न वाढवता मूळ फाइल द्या, आणि शेजारची बार्न स्वॅलो क्रॉप करू नका.