तुम्ही विचारलंत म्हणून: पातळच आहे, मग का नको?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले दोनेक आठवडे फक्त पातळ आहार, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. रुग्णापेक्षा घरचेच तो जास्त विचारतात: "अहो, फळांचा रस पातळच आहे ना, मग तो का नको?" आहारतज्ज्ञ म्हणून याचं उत्तर रोजच देते, म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

पातळ असणं ही फक्त पहिली अट. या शस्त्रक्रियेचे नेहमीचे प्रकार दोन. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये (हा हृदयाचा नव्हे, जठराचा) जठराची जेमतेम 30 मिलीलिटरची पिशवी ठेवून ती थेट आतड्याला जोडतात. टाक्यांवर ताण नको म्हणून घन पदार्थ बंद. पण जखम भरून यायची तर प्रथिनं हवीत, आणि ती कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. बहुतेकांना दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनांचं उद्दिष्ट देतात. आता एवढ्याशा जागेत रस भरला, तर पेलाभर रसातून वीसेक ग्रॅम साखर मिळते आणि प्रथिनं नावालाच. शिवाय बायपास झालेल्यांच्या आतड्यात ही साखर एकदम उतरते. अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळा, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. ज्याने एकदा भोगलंय तो रसाचं नाव काढत नाही. वितळलेल्या आइस्क्रीमचंही तेच.

मग घ्यायचं काय? पहिला एखाद-दुसरा दिवस पाणी आणि गाळलेलं निवळ सूप, त्यात निवडण्यासारखं फारसं नसतं. खरा प्रश्न दूध सुरू झाल्यावर येतो. कपभर दुधात आठेक ग्रॅम प्रथिनं असतात. त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर दोन मोठे चमचे कालवली की आणखी पाचेक ग्रॅमची भर पडते आणि प्यायचं मात्र तेवढंच राहतं. काहींना शस्त्रक्रियेनंतर दूध नव्यानेच बाधायला लागतं, पोट फुगतं. त्यांनी लॅक्टोज (दुधातली साखर) काढलेलं किंवा बिनसाखरेचं सोया दूध घ्यावं. बदामाचं दूध ऐकायला पौष्टिक वाटतं, पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बदाम दुधात कपाला एखादाच ग्रॅम प्रथिनं असतात.

प्रोटीन पावडर घेताना डब्याची पुढची बाजू वाचूच नका. मागचं कोष्टक बघा: एका मापात 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि साखर अगदी कमी. व्हे आयसोलेट, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढून शुद्ध केलेलं प्रथिन असेल तर लॅक्टोजही नगण्य. कोलाजेनच्या (प्राण्यांच्या कातडी-हाडांतल्या प्रथिनाच्या) पावडरीवर भिस्त ठेवू नका, त्यात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक आवश्यक घटक, नसतं. आणि पावडर उकळत्या सुपात टाकू नका, लगेच गुठळ्या होतात. पेल्यात दोन-तीन चमचे गार दूध घ्या, त्यात पावडर घोटून गुळगुळीत करा, मग कोमट सूप थोडं थोडं ओतत ढवळा. एवढं केलं की "घशाखाली उतरत नाही" ही तक्रार निम्मी कमी होते. उरलेली निम्मी चवीची. शस्त्रक्रियेनंतर गोड नकोसं होणारे बरेच भेटतात, म्हणून स्वाद नसलेल्या पावडरीचा एक छोटा पुडाही घरात असू द्या.

सूप मिक्सरमधून काढलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. सालं, बिया, धागे तसेच राहतात. बारीक गाळणीतून गाळा. वर उरेल ते सध्या तुमच्यासाठी नाही.

पिण्याची रीत सोपी आहे, पाळणं कठीण. तीसेक मिलीलिटर दहा-पंधरा मिनिटांत, घोट घोट. स्ट्रॉ नको, हवा जाते. फसफसणारी पेयं नकोत. दोन प्रोटीन पेयांच्या मधल्या वेळात पाणी चालू ठेवा. सगळं धरून दिवसाला दीड लिटरच्या पुढे द्रव जायला हवेत. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दाखल व्हावं लागतं त्यामागे शरीरातलं पाणी कमी होणं हे नेहमीचं कारण आहे. लघवी गडद व्हायला लागली की घोटांमधलं अंतर कमी करा.

तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यात दिवस पुढेमागे असतील, तर तोच पाळा. पाणीसुद्धा उलटून पडत असेल, ताप असेल, नाडी जोरात चालत असेल किंवा पोटातली कळ वाढत असेल, तर काय प्यावं हे मला विचारत बसू नका, त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा.